मत बदलण्याचं कलम

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजोबांना खोकल्याचं औषध किती चमचे घ्यायचं ते समजावून सांगत होतो. ट्रंक कॉल होता. पलीकडून सुकदेवचा मेहुणा जीव खाऊन ओरडत होता, "भाऊ, वकीलसाहेब गेले हो आपले." माणूस गेल्याचं कळलं की लोक विचारतात, केव्हा? मी विचारलं, "कसे?" त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, कारण तेवढ्यात लाइन कटली. मी रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा राहिलो. आजोबा म्हणाले, दोन चमचे ना? मी हो म्हणालो. ते चार दुकानं पुढे गेल्यावर मला आठवलं की एकच सांगायचा होता. त्यांच्यामागे धावलो, चमचा दुरुस्त केला, बायकोला निरोप धाडला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी एसटी स्टँड गाठलं.

पारोळ्याला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले. मी खिडकीशी बसून राहिलो. खरं तर एवढ्या जुन्या मित्राच्या मातीला निघालेल्या माणसाने रडायला हवं होतं, आणि मी हौशी नट असल्यामुळे मला ते हुकमी येतंही. पण रडू येत नव्हतं, भीती वाटत होती. सुकदेव बिऱ्हाडे आपला आपण गेला, की कुणी त्याला पाठवलं? आणि पाठवलं असेल तर कोणी... असा अभद्र प्रश्न चांगल्या माणसाच्या मनात का यावा, हे सांगायचं तर मला थोडं मागे, रंगमंचावर जावं लागेल. तिथे जायला मी नेहमीच तयार असतो.

सुकदेवची आणि माझी ओळख धुळ्याच्या कॉलेजातली. स्नेहसंमेलनाच्या नाटकात तो फौजदार होता आणि मी खुनी. तालमीत त्याने मला असे उलटेसुलटे प्रश्न विचारले की घाबरून मी संहितेत नसलेला एक गुन्हाही कबूल करून टाकला. सर म्हणाले, हा पोरगा वकील होणार. तो झाला. वडील गिरणीत होते, आई शेतावर मजुरीला जायची. तिला सगळे अक्का म्हणत, तोही अक्काच म्हणायचा. रोज सकाळी अक्का पंचशील म्हणे आणि मग चुलीला हात लावी. जिवाला इजा करायची नाही हे त्यातलं पहिलं शील ती इतक्या मनापासून पाळायची की घरातल्या झुरळांनाही सुपात घेऊन गल्लीत सोडून यायची. ती झुरळं तिच्या आधी घरात परत यायची, असं सुकदेव शपथेवर सांगायचा. पुढे मी जळगावला औषधाचं दुकान टाकलं. त्याची धुळ्याच्या कोर्टात वकिली सुरू झाली. सातपुड्याच्या पायथ्याचे पक्षकार चारोळीची पुरचुंडी घेऊन यायचे आणि हा ती घेऊन त्यांच्यासाठी दिवसभर उभा राहायचा. त्याची बायको, आमच्या इंदूवहिनी, म्हणायच्या, आमच्या घरात पगार नाही, खीर असते.

दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही धुळ्यात अभिरूप विधानसभा भरवायचो. खोटे मंत्री, खोटे आमदार आणि खरी भांडणं. हॉल भरून जायचा. मी कायमचा अध्यक्ष, कारण शाल पांघरून गंभीर बसण्याचं काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. त्या वर्षी वर्तमानपत्रात बातमी आली होती की मुंबईत विधिमंडळात एका सदस्याने विधेयक आणलंय: ज्याचा आजार बरा होणारा नाही आणि यातना सोसवत नाहीत, त्याला स्वतःच्या इच्छेने मरण्याचा अधिकार असावा, आणि त्याला मदत करणाऱ्या डॉक्टरला गुन्हेगार धरू नये. सुकदेवने ती बातमी वाचली आणि म्हणाला, यंदा हेच विधेयक आपल्या सभागृहात येणार, आणि मांडणार मी.

त्याने ते मांडलं तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. "माझे वडील ओरडत गेले, अध्यक्ष महाराज," तो म्हणाला. "हाडांचा कॅन्सर होता. आमच्या गल्लीने दारं लावून घेतली होती. त्यांचा दोष नाही, ऐकवत नव्हतं. पण दार लावून घ्यायचा अधिकार सगळ्या गल्लीला होता, तो फक्त त्या एका माणसाला नव्हता." मग विरोधी पक्षनेते उठले. हे आमचे नाना, हायस्कूलचे मास्तर. त्यांनी विचारलं, सगळं मान्य, पण शेवटचं औषध पाजणार कोण? कुठल्या हाताने? सुकदेवमधला नट जागा झाला. म्हणाला, मी आत्ताच एक कलम जोडतो. अंमलबजावणी माननीय अध्यक्ष महाराजांच्या हस्ते होईल, कारण औषधाचं दुकान त्यांचंच आहे. हॉल हसून कोसळला. मतदान झालं, दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली, आणि अशा वेळी अध्यक्षाचं मत निर्णायक असतं. असा क्षण नटाला पुन्हा मिळत नाही. मी उठलो, शाल सावरली, मागच्या रांगेतल्या माणसाला घाम फुटेपर्यंत थांबलो आणि म्हणालो, "मंजूर." शिट्ट्या पडल्या. मुंबईतलं विधेयक पुढे कुठे विरलं ते कळलं नाही. आमचं मात्र पास झालेलं होतं.

तीनेक वर्षांनी कोर्टात वकीलपत्रावर सही करताना सुकदेवच्या बोटांतून पेन सुटलं. त्याने उचललं, पुन्हा सुटलं. मग शर्टाची बटणं लागेनात, मग चालताना पाऊल ओढलं जाऊ लागलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की नसांचा आजार आहे, हातपाय हळूहळू जातील, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. सुकदेव मला म्हणाला, बघ, शिक्षा सुनावतानासुद्धा आरोपीला शुद्धीवर ठेवायची अट आहे. मी हसलो. वाचक म्हणतील कसला हा माणूस, पण सुकदेवच्या विनोदाला हसलं नाही की त्याला राग यायचा, आणि त्याच्या आजारापेक्षा मी त्याच्या रागाला जास्त भ्यायचो.

मग एकदा अंगणात खुर्चीवर बसलेला असताना त्याने वहिनी आत गेल्याची खात्री केली आणि मला जवळ बोलावलं.

"अध्यक्ष महाराज, ते कलम आठवतं ना?"

मी म्हणालो, कुठलं कलम?

"वेड घेऊ नकोस. माझं पाणी गिळणं बंद होईल तेव्हा. वडिलांसारखं नको मला. तू हो म्हण."

मी हो म्हणालो. आजारी माणसाला आपण म्हणतो तसं, पाऊस येईल ना, हो येईल, त्या चालीवर. पण त्याने मान हलवली, जणू करारावर सह्या झाल्या. वकिलाला दिलेला होकार होता तो. त्यानेच मला एकदा समजावलं होतं की मरू पाहणाऱ्याला हात देणाऱ्याला आपला कायदा तुरुंगात धाडतो, मित्र होता की शत्रू ते विचारत नाही.

त्यानंतरचे माझे दिवस फार वाईट गेले. दुकानातलं झोपेच्या गोळ्यांचं कपाट माझ्याकडे बघतंय असं वाटायचं. मी त्याला कुलूप लावलं, किल्ली बायकोकडे दिली, आणि ती कशाला म्हणाली तेव्हा उंदरांचं कारण सांगितलं. कुणी चिठ्ठी घेऊन त्या गोळ्या मागायला आलं की मी पोलिसासारख्या चौकशा करी, अर्धी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. धुळ्याला निघताना तर मी सगळे खिसे उलटे करून बघायचो. डोकेदुखीची गोळीसुद्धा जवळ ठेवायची नाही. एसटीने पारोळा सोडलं की मी खिसे पुन्हा चाचपायचो, कारण आज तो म्हणेल, आज नक्की म्हणेल. आणि मला नाही म्हणणं जमणार नाही... किंवा त्याहून भयंकर म्हणजे, जमेल.

तो म्हणायचा नाही. मी जायचो, तो कोर्टातले किस्से ऐकायचा, मी यायचो. एका खेपेला फैजपूरच्या एका गिऱ्हाइकाने दिलेली केळी मी नेली. एक सोलून त्याच्या तोंडाशी धरलं, कारण तोवर त्याचे दोन्ही हात मांडीवर ठेवल्या जागी राहू लागले होते. त्याने ओठ घट्ट मिटले. मी म्हणालो, अरे खा, तुझ्या आवडीची आहेत. त्याने मान वळवली.

"आधी तू खा."

मला वाटलं आग्रह करतोय. मी हसून म्हणालो, माझं पोट भरलंय. तो हसला नाही. माझ्या हाताकडे बघत होता, तोंडाकडे नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"सुकदेव, केळ्याला साल असते रे. त्यात मी काय घालणार?"

"तू औषधवाला. तुझं काय सांगावं."

मी केळ्याचा तुकडा तोडून खाल्ला. त्याने मी गिळेपर्यंत वाट पाहिली आणि मग तोंड उघडलं. दोन वर्षं मी त्याच्या शब्दाला भीत होतो आणि तो माझ्या. मी त्याला विचारलं, तुला माझी भीती वाटते? तो म्हणाला, "जन्मात तू एक शब्द पाळला नाहीस. हाच पाळशील अशी भीती वाटते." आणि मग पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, जे त्याला पुसता येत नव्हतं.

फाटकापाशी इंदूवहिनींनी मला थांबवलं. सगळं त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, भाऊ, तुम्ही महिन्यातून एकदा येता, मी रोज दोन वेळा घास भरवते. प्रत्येक घासाला ते माझ्याकडे बघतात, अनोळखी बाईने काहीतरी हातावर ठेवावं तसं. वरण आधी मी खायचं, पाणी आधी मी प्यायचं. तरी म्हणतात, तू थकली असशील, इंदू. थकलेला माणूस काहीही करतो. "वीस वर्षांचा संसार, भाऊ. आता मला माझ्याच हाताची भीती वाटायला लागली आहे." मी फाटकाची कडी काढत-घालत राहिलो. रंगमंचावर असं कधी होत नाही, कोणीतरी पडद्याआडून वाक्य सांगतं.

उपाय सुकदेवनेच काढला. वकिलाला कायद्याने झालेली गोष्ट कायद्यानेच दुरुस्त करायची सवय. पुढच्या रविवारी त्याने नानांना आणि मला दुपारी बोलावलं आणि खाटेवरून जाहीर केलं की सभागृहाची बैठक सुरू झाली आहे. नानांनी ताबडतोब हरकत घेतली: तिघांत गणसंख्या होत नाही. मग वहिनींना आणि अक्काला सदस्य करून घेतलं. अक्का दारात लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "माले बी मतदान कराले भेटी का?" मी शालीऐवजी खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर घेतला. खोली हसली. तो हसू शकत होता तेवढं हसला.

"अध्यक्ष महाराज," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता, मधेमधे श्वासाला थांबावं लागत होतं. "विधेयक मी मागे घेत नाही. माझे वडील ओरडत गेले हे आजही खरं आहे. पण मी ते लिहिलं तेव्हा माझे हात चालत होते. ज्याचे हात चालतात त्याला वाटतं, माणूस एकदा ठरवतो आणि ठरवलेलाच राहतो. माझं तसं होत नाही. सकाळी मला मरायचं असतं. दुपारी चिमण्या दाणे टिपायला येतात आणि मी घाबरतो... की कुणी माझं सकाळचं ऐकलं तर. म्हणून दुरुस्ती मांडतो. ज्याने मागितलं त्याला मत बदलता येईल. कितीही वेळा. आणि त्याला कुणी कारण विचारायचं नाही."

नाना म्हणाले, मग कायद्यात उरलं काय?

"मागायचा हक्क उरला ना. फक्त भीती जायला हवी."

"गेली का?" नानांनी मास्तरांच्या आवाजात विचारलं.

सुकदेवने दाराबाहेरच्या चिमण्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, नाही. कागदावर गेली, मनातून नाही.

तेव्हा अक्का लसणाची सालं झटकून उठली. "तुमना कायदामा माय कोठे शे?" तिने विचारलं. ना मुंबईच्या विधेयकात आई होती ना धुळ्याच्या. ती खाटेपाशी आली आणि म्हणाली, "आतेपासून बठ्ठं मी चाखसू. मंग त्याले द्या." नाना काही बोलणार होते, सुकदेवने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. मला म्हणाला, लिहून घ्या अध्यक्ष महाराज, अक्का साक्षीदार नाही, जामीन आहे. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. वहिनींनी केला, मग पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या. त्या दिवसापासून त्या घरात वाटी, चमचा, पेला आधी अक्काच्या ओठांना लागायचा आणि मग त्याच्या. वहिनी भरवायच्या, तो त्यांच्याकडे पाहायचा, आणि आता पाहण्यात तो संशय नव्हता. निदान फार नव्हता.

माझी भीती मात्र संपली नाही. उलट नवी सुरू झाली. आधी मला वाटायचं तो मागेल. आता मला कळलं होतं की तो मागणार आणि नंतर नको म्हणणार, आणि या दोन्हींच्या मधे एखादं माणूस दयेपोटी काही देऊन बसलं तर? शेवटचं भेटलो ती सकाळ वाईट होती. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्याने डोळ्यांनी मला वाकायला सांगितलं.

"आज दे."

"उद्या विचार," मी म्हणालो.

"उद्या मी नाही म्हणेन."

"म्हणूनच."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग होता की आभार ते मला आजही ठरवता येत नाही. परतीच्या गाडीत मला सारखं वाटत होतं, मी नाही दिलं, पण त्याने हेच वहिनींना विचारलं तर? एखाद्या अशाच सकाळी, त्या थकलेल्या असताना? तिसऱ्या आठवड्यात तो फोन आला.

त्या दिवशी धुळ्याला पोचलो तर गल्ली माणसांनी भरलेली. कोर्टातले लोक, पांढरे कपडे घातलेले नातेवाईक, दूरच्या पाड्यांवरून आलेले पक्षकार. मी कुणाकडे न बघता फक्त वहिनींचा चेहरा शोधत होतो. लाज वाटते सांगायला, पण मी त्यांच्या हातांकडेही पाहिलं. त्यांना ते दिसलं. मला आत नेऊन त्यांनी चुलीजवळ उभं केलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही काय विचारणार ते मला माहीत आहे. तसं काही झालं नाही."

मग त्यांनी सांगितलं. सकाळपासून श्वास अडकत होता. गल्लीतले डॉक्टर येऊन बसले होते, छातीचे स्नायू थकलेत, आता फार वेळ नाही, असं त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं. अक्काने दुधाची वाटी आणली, नेहमीप्रमाणे तोंडाला लावायला उचलली. सुकदेव म्हणाला, "आता नको चाखू, माय." आयुष्यभर तिला अक्का म्हणणारा माणूस. तिने विचारलं, कसाले रे? तो म्हणाला, तशीच दे. अक्काने वहिनींकडे बघितलं, मग वाटी त्यांच्या हातात दिली. वहिनींनी न चाखलेला चमचा त्याच्या तोंडाशी नेला. तो त्यांच्या हाताकडे बघत नव्हता, तोंडाकडे बघत होता. एक चमचा प्याला, दुसरा अर्धा ओघळला. दुपारी डॉक्टरांच्या समोर श्वास थांबला.

हे ऐकून मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. त्याच्या मनातून भीती गेली होती. कागदावर नाही, खरोखर गेली होती. कुठे गेली तेही मला माहीत आहे, कारण तेव्हापासून ती माझ्याकडे राहायला आली आहे. हल्ली सकाळी शर्टाचं वरचं बटण लावताना बोट अडखळलं की मी आरशासमोर थांबतो. ते वयाचं असेल, थंडीचं असेल. पण त्या कायद्याची पुन्हा कधी चर्चा निघाली तर मी कुणासारखं बोलेन, त्या दिवशीच्या हॉलसारखं की खाटेवरच्या माणसासारखं, ते मला सांगता येत नाही. आणि मला माझ्या घरात नजर फिरवून बघावंसं वाटतं, की वेळ आली तर माझ्यासाठी जामीन राहायला कोण आहे. असा प्रश्न बायकोला विचारता येत नाही. ती म्हणेल, आधी दुकान उघडा.

सुकदेवच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दिवशी भिक्खूंचं प्रवचन संपल्यावर लोक पांगले. आम्ही घरचे चारपाच उरलो. खाट उभी करून भिंतीला लावली होती, त्यामुळे खोली एकदम मोठी वाटत होती आणि कुठे बसावं ते कळत नव्हतं. वहिनींनी चहा केला. अक्काने ट्रे घेतला, पहिला कप उचलला आणि तोंडाला लावून एक घोट घेतला. मग तो नानांना दिला. दुसरा उचलला, घोट घेतला, मेहुण्याला दिला. वहिनींनी हलकेच हाक मारली, "अक्का..." अक्काला ऐकू आलं नाही, किंवा आलं. नाना कप हातात धरून माझ्याकडे बघत होते. मग ती माझ्यासमोर आली. कप वर नेला, डोळे मिटून एक घोट घेतला, तो खाली उतरेपर्यंत थांबली, जशी त्याच्यासाठी थांबायची तशी. मग कप माझ्यापुढे धरून म्हणाली, "पी भो."

मी दोन्ही हातांनी तो घेतला आणि प्यालो.